एका त्रुटिसंदेशाचे वाचन

संगणकाचा त्रुटिसंदेश हाही वाचण्याचा मजकूर आहे, असे म्हटले तर साहित्याचे अभ्यासक हसतील. आम्हीही हसलो असतो. पण नाशिकच्या घरी बसून एका विद्यापीठाच्या ग्रंथालयातली नियतकालिके पाहायची होती. बाहेरून ती पाहायला व्हीपीएन लागते. आमच्या लिनक्स यंत्रावर ओपनव्हीपीएन सुरू होईना. पडद्यावर एकच इंग्रजी वाक्य. त्याचा अर्थ : टन हे साधन उघडता येत नाही, असे उपकरण नाही.

आम्ही वाच्यार्थ धरून बसलो. उपकरण नाही म्हणजे नेटवर्क कार्ड बिघडले, असे समजून तासभर तारा तपासल्या. वस्तुतः टन हे हातात धरता येणारे उपकरण नव्हेच. टनेल या शब्दाचे ते लघुरूप. कर्नलने निर्माण केलेला आभासी इंटरफेस. कसाऱ्याच्या घाटातून ये-जा करणाऱ्या नाशिककराला बोगदा समजावून सांगावा लागत नाही. मुख्यार्थाचा बाध झाला की लक्षणेकडे वळावे, हे वर्गात शिकवणारे आम्ही इथे मात्र विसरलो.

कारण साधे निघाले. आदल्या दिवशी कर्नल अद्ययावत झाले होते, पण यंत्र पुन्हा सुरू केले नव्हते. स्मृतीत जुने कर्नल चालू होते आणि डिस्कवर मॉड्यूल मात्र नव्याचे. जुन्या आवृत्तीच्या हाती नव्या आवृत्तीची सूची द्यावी, तसा प्रकार. त्यामुळे टनचे मॉड्यूल चढेना. यंत्र पुन्हा सुरू केले आणि बोगदा उघडला. याउलट 'परवानगी नाही' असा संदेश आला, तर तेथे बहुधा वाच्यार्थ पुरतो : प्रशासकाचे अधिकार हवेत.

आमचे म्हणणे एवढेच की अशा वेळी कुणाच्या तरी आज्ञा उतरवून घेणे म्हणजे गाइड पाठ करणे होय. एखादी आज्ञा लागू पडतेही, पण समज वाढत नाही. संदेश मूळ शब्दांत जपावा, कारण शोध त्याच शब्दांनी लागतो. स्पष्टीकरण मात्र मराठीत असावे. त्यासाठी प्रत्येक संज्ञेला संस्कृत वस्त्रे चढवण्याची गरज नाही. भगूरच्या सावरकरांचा 'महापौर' वापराने रुळला. 'इंटरफेस'ही तसाच रुळू द्यावा.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले ते याच शहरात. घरी बसून शिकणाऱ्यासाठी ग्रंथालयाचे दार पुष्कळदा अशा एका बोगद्याच्या पलीकडे असते. ते दार न उघडल्यास त्याला वाटते, आपल्यालाच कळत नाही. त्याला आज्ञांची यादी देण्याआधी ते एक वाक्य त्याच्याबरोबर बसून वाचावे. ते काम भाषेच्या शिक्षकाचेही आहे, असे आम्हांला वाटते.