टक्का कशाचा?

१८ जुलै २०१२ रोजी हरियाणातील मानेसर येथे मारुती सुझुकीच्या कारखान्यात हिंसाचार झाला व एका अधिकाऱ्याचा जीव गेला. दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या शेअरचा भाव सुमारे ९ टक्क्यांनी कोसळून अकराशे रुपयांच्या आसपास आला. कारखान्याला टाळे लागले, ते २१ ऑगस्टला निघाले. पाचशेहून अधिक कायम कामगार बडतर्फ झाले.

टक्का नेहमी कशाचा तरी असतो, हे अर्थपानांवर सहसा सांगितले जात नाही. शंभराचा शेअर ९ टक्के उतरला की ९१ रुपये उरतात. तोच पुन्हा ९ टक्के चढला तरी शंभरावर पोहोचत नाही. ९९ रुपये १९ पैशांवर अडतो, कारण उतरताना मोजणी शंभरावर झाली आणि चढताना एक्क्याण्णवावर. मूळ भाव गाठण्यास ९.९ टक्के वाढ लागते. खड्डा खोल असेल तसे हे अंतर भयंकर वाढते: २० टक्के घसरणीला २५ टक्के वाढ हवी, ५० ला १०० आणि ९० ला तब्बल ९००. "निम्मे गेले होते, पण साठ टक्के वसूल झाले" असे दलाल हसतमुखाने सांगतो, तेव्हा शंभराचे ऐंशीच झालेले असतात!

अंकांचा बागुलबुवाही असाच. १७ मे २००४ रोजी, डाव्यांच्या पाठिंब्याचे सरकार येणार या धास्तीने मुंबईचा निर्देशांक ५६५ अंकांनी पडला. ४ जून २०२४ रोजी ४,३९० अंकांनी. मथळा दुसऱ्याचा मोठा, परंतु पहिली घसरण ११.१४ टक्क्यांची होती, दुसरी ५.७४ टक्क्यांची.

मानेसरचा तो शेअर २०२४ साली बारा हजारांपलीकडे गेला. भाव जवळपास अकरा पट झाला, म्हणजे वाढ सुमारे हजार टक्क्यांची, अकराशेची नव्हे. २०१७ साली न्यायालयाने ११७ कामगारांना निर्दोष सोडले. त्यांतील अनेकांनी तोवर काही वर्षे तुरुंगात काढली होती. बडतर्फांच्या वेतनातील घट शंभर टक्के होती, आणि शून्यावर कोणताही टक्का चढत नाही.

हे गणित सटोडियांपुरते राहिलेले नाही. कामगार संघटनांचा विरोध डावलून ऑगस्ट २०१५ पासून भविष्य निर्वाह निधीत येणाऱ्या नव्या रकमेचा हिस्सा शेअरबाजारात जाऊ लागला. प्रथम ५ टक्के, मग १०, २०१७ पासून १५. तेव्हा या गुंतवणुकीवर अमुक टक्के परतावा मिळाला असे जाहीर होईल, त्या वेळी तो कोणत्या तारखेच्या भावापासून मोजला आणि मधल्या घसरणीनंतर मूळ रक्कम भरून निघाली काय, हे दोन प्रश्न आपल्या कामगार प्रतिनिधींनी लेखी विचारावेत.