परत मिळालेली सकाळ

गेल्या महिन्यात आमच्याकडे एका भगिनींचे सविस्तर पत्र आले. नाव-गाव छापू नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळे तेवढे वगळून हकीकत वाचकांपुढे ठेवतो. त्यांचे चिरंजीव यंदा प्रथमच घर सोडून पुण्यास शिकावयास गेले. वसतिगृहात त्यांच्या खोलीत दुसरा जो विद्यार्थी आला तो रत्नागिरी जिल्ह्यातला मुसलमान. बोलणे मराठी, अभ्यासात हुशार, वागण्यात अदबशीर. तक्रार एवढीच, की तो रोज काळोख असतानाच उठतो, अंथरुणात बसून काही पुटपुटतो, हातपाय धुऊन येतो, आणि कोपऱ्यात चटई अंथरून उभा राहतो. चिरंजिवांची झोप मोडते. सुटीत त्यांनी हे सहज सांगितले आणि घरात दोन तट पडले. सासूबाईंचे म्हणणे, खोली बदलून घ्यावी. यजमान म्हणतात, मुलाने आपले आपण ठरवावे. मामंजी मात्र काहीच बोलत नाहीत. त्यातच चिरंजिवांनी भर घातली, की त्याच इमारतीतला मराठवाड्याकडचा दुसरा मुसलमान विद्यार्थी चांगला अर्ध्या तासाने मागाहून उठतो. मग यानेच एवढी घाई कशासाठी करावी? हा देखावा तर नव्हे? तो मुलगा पहाटे नेमके करतो तरी काय, आणि खोली बदलावी की नाही, असे भगिनींनी आम्हांस विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या पुटपुटण्यात आहे, म्हणून तेथूनच आरंभ करतो. इस्लामी समजुतीप्रमाणे झोप हे लहानसे मरणच होय. कुराणाच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात असा आशय आला आहे, की ईश्वर मरणाच्या वेळी जीव काढून घेतो, तसाच झोपेतही घेतो. ज्यांचा काळ भरला त्यांचा ठेवून घेतो आणि बाकीच्यांचा ठराविक मुदतीपर्यंत परत पाठवितो. म्हणजे रात्री डोळा मिटला तो पुन्हा उघडेलच असा कोणाचाही हक्क नाही. म्हणून श्रद्धावान मुसलमान निजताना ईश्वराच्या नावाने आपले मरण व जगणे दोन्ही त्याच्या स्वाधीन करतो, आणि जाग येताच पहिली दुआ म्हणतो ती उपकार स्मरण्याची: मरणानंतर ज्याने आम्हांस पुन्हा जिवंत केले त्याची स्तुती असो, आणि अखेर उठून जाणे त्याच्याकडेच आहे, अशा अर्थाची. यात आजच्या दिवसासाठी काही मागणे नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. परत मिळालेल्या वस्तूची ती पोच आहे.

ही कल्पना त्या समाजाच्या अगदी साध्या बोलण्यातही किती मुरली होती याची एक गोष्ट आम्हांस फार आवडते. इ. स. ६२८ मध्ये खैबरच्या स्वारीहून परतताना पैगंबर व त्यांचे सोबती रात्रभर चालून थकले आणि वाटेत उतरले. पहाटे जागे करण्याची कामगिरी बिलाल यांनी पत्करली. हे बिलाल म्हणजे पहिले बांगी. पूर्वेकडे तोंड करून उंटाला टेकून बसले खरे, पण त्यांचाही डोळा लागला. उन्हाचा चटका बसला तेव्हा सर्वांत आधी पैगंबर जागे झाले. जाब विचारला तेव्हा बिलाल यांनी उत्तर दिले, की ज्याने आपला जीव धरून ठेवला त्यानेच माझाही धरून ठेवला होता! यावर कोणी रागावले नाही. मंडळी त्या जागेवरून थोडी पुढे सरकली, हात-तोंड धुतले आणि चुकलेला नमाज केला. झोपेने किंवा विसराने वेळ टळली तर आठवण होताच नमाज करावा, हा नियम या प्रसंगाबरोबरच सांगितला जातो.

दुआ झाली की पाणी. येथे आमच्या वाचकांस पावलोपावली ओळखीच्या खुणा भेटतील. उठल्यावर हात तीनदा धुतल्याखेरीज पाण्याच्या भांड्यात बुडवू नये, कारण रात्री आपला हात कोठे कोठे फिरला हे झोपलेल्याला ठाऊक नसते, असे पैगंबरांचे सांगणे हदीसमध्ये आहे. हदीस म्हणजे त्यांच्या उक्ती-कृतींच्या परंपरेने जपलेल्या आठवणी. त्यांपैकी ८७० मध्ये वारलेले बुखारी व ८७५ मध्ये वारलेले मुस्लिम यांचे संग्रह सुन्नी पंथात सर्वांत विश्वसनीय मानतात. आमच्या आजीने हंड्यात पारोसा हात घालू दिला नसता, तिला हा नियम नवा वाटला नसता. नंतर नाकात पाणी घेऊन शिंकरणे आणि दात घासणे. दातवणाला ते मिस्वाक म्हणतात. पिलूच्या झाडाची काडी त्याला उत्तम समजतात, जशी आपल्याकडे बाभळीची किंवा कडुनिंबाची. पैगंबर रात्री उठले तरी आधी दात घाशीत, असे त्यांचे सोबती सांगतात.

त्यानंतर वजू. तोंड, कोपरापर्यंत हात, ओल्या हाताने डोके पुसणे आणि घोट्यापर्यंत पाय, हा क्रम कुराणातच दिलेला आहे. पाणी नसेल किंवा आजारामुळे चालत नसेल, तर शुद्ध मातीवर हात टेकून तोंड व हात पुसले तरी भागते. रोज पहाटे पूर्ण स्नान करणे मात्र त्यांच्यात बंधनकारक नाही. काही विशेष कारणांनीच ते आवश्यक ठरते. आणि पाणी किती घ्यावे? पैगंबर एक मुद्द पाण्यात वजू उरकीत असत, आणि मुद्द म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाच्या दोन्ही हातांत मावेल एवढेच माप. आमच्या घरी दात घासताना नळ वाहता ठेवणारी जी पिढी आहे तिला आम्ही हे वाचून दाखविणार आहो.

उठावेसे वाटत नाही ही अडचण अरबस्तानातही होतीच. माणूस निजला की सैतान त्याच्या मानेवर तीन गाठी मारतो आणि अजून रात्र पुष्कळ आहे असे समजावतो. जागे होऊन ईश्वराचे नाव घेतले की एक गाठ सुटते, वजूने दुसरी, नमाजाने तिसरी. मग माणूस ताजातवाना होतो, नाही तर दिवसभर जडपणे वावरतो, अशी एक हदीस आहे. पति-पत्नींपैकी जो आधी उठेल त्याने दुसऱ्याला उठवावे, आणि उठत नसेल तर तोंडावर पाण्याचे चार थेंब शिंपडावेत, असेही एके ठिकाणी सांगितले आहे. हा अधिकार दोघांनाही सारखाच आहे, एवढे आमच्या यजमान-वाचकांच्या नजरेस आणतो. स्त्रियांस अडचणीच्या दिवसांत नमाज माफ असतो व तो नंतर भरून द्यावा लागत नाही. जागे होतानाची ती दुआ मात्र त्यांना त्या दिवसांतही म्हणता येते.

आता दुसरी शंका. एक विद्यार्थी काळोखात आणि दुसरा उजाडता उजाडता, असे का? पहाटेचा नमाज, ज्याला फजर म्हणतात, त्याची वेळ खऱ्या पहाटेपासून सूर्योदयाच्या आतपर्यंत असते. खरी पहाट म्हणण्याचे कारण, तिच्याआधी एक खोटी पहाट होते. क्षितिजावर लांडग्याच्या शेपटीसारखा उभा, फिकट उजेड दिसतो आणि मावळतो. ग्रहांच्या कक्षापातळीत पसरलेल्या धुळीवरून परावर्तित झालेला तो सूर्यप्रकाश आहे, असे ज्योतिर्विद सांगतात. मागाहून जो आडवा पसरतो आणि वाढतच जातो तो खरा. आपल्या मुलखात तो सूर्योदयापूर्वी सुमारे सव्वा तास दिसू लागतो. याच क्षणापासून रमजानातला उपवासही सुरू होतो. काळ्या दोऱ्यापासून पांढरा दोरा वेगळा ओळखू येईपर्यंत खावे-प्यावे, अशा अर्थाचे कुराणवचन ऐकून अदी नावाच्या एका सोबत्याने खरोखरच दोन दोरे उशाखाली ठेवले आणि रात्रभर ते निरखीत बसला. दोरे म्हणजे रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड, हे पैगंबरांनी त्यास दुसऱ्या दिवशी समजाविले.

या सव्वा तासात नमाज केव्हा करणे श्रेयस्कर, याविषयी इस्लामी धर्मशास्त्रकारांत मतभेद आहे. ७६७ मध्ये वारलेले इमाम अबू हनीफा यांचे अनुयायी थोडे उजळू लागल्यावर करणे पसंत करतात. ८२० मध्ये वारलेले इमाम शाफई यांचे अनुयायी काळोख असतानाच. देशावरील व मराठवाड्यातील बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी आहेत. कोकणी मुसलमान शाफई आहेत, कारण त्यांचे जुने दळणवळण समुद्रमार्गे अरबस्तानाशी, आणि येमेनच्या किनाऱ्यापासून मलबार, जावापर्यंत शाफई मताचेच प्राबल्य. तेव्हा रत्नागिरीचा मुलगा देखावा करीत नाही आणि मराठवाड्याचा आळसही करीत नाही. दोघेही आपापल्या घरची रीत पाळतात. चिरंजिवांनी बारकाईने पाहिले असेल तर आणखी एक फरक दिसला असेल: शाफई मुलगा दुसऱ्या रकातीत वाकून उभा राहिल्यावर हात उचलून काही वेळ दुआ करतो, हनफी फजरमध्ये ती करीत नाहीत. आकाशात तारे असताना केलेली प्रातःसंध्या उत्तम, ते लोपल्यावर मध्यम, ही आपल्याकडची प्रतवारी मामंजींस पाठ असेल. ते का बोलत नाहीत याचा आम्हांस थोडासा तर्क करता येतो. मुंजीनंतर वर्षाच्या आत संध्या सुटली, असे चिरंजिवांविषयी त्याच पत्रात एका ओळीत आले आहे.

मात्र साम्य दाखविण्याच्या भरात भेद झाकणे आम्हांस पसंत नाही. आपण उगवत्या सूर्यास अर्घ्य देतो. मुसलमानास सूर्यबिंब वर येत असताना नमाज करण्याची मनाई आहे, आणि ती मुद्दाम, सूर्योपासकांशी सरमिसळ होऊ नये म्हणूनच. सूर्य उगवण्यापूर्वी तो भुईला कपाळ टेकून मोकळा झालेला असतो. एकाच प्रहराला दोन घरे उठतात, पण उठून एकाच दिशेस पाहत नाहीत.

आमचे बालपण कोकणात खाडीकाठी गेले. पलीकडच्या तीरावर लहान मशीद होती. तेव्हा तेथे कर्णा नव्हता, म्हातारा बांगी कानांवर हात ठेवून हाक देई. पहाटेच्या बांगेत सुन्नी मंडळी झोपेपेक्षा नमाज बरा अशा अर्थाचे एक जादा वाक्य घालतात. शिया घालीत नाहीत. आजोबांना अर्थ ठाऊक होता. त्या हाकेसरशी ते उठत, ओटीवरचा दिवा मोठा करीत आणि विहिरीवर जात. एका माघात बांग झाली आणि आजोबा उठले नाहीत. दोन प्रहरी तो बांगी होडीने अलीकडे आला आणि अंगणात उभा राहून एवढेच म्हणाला, की आज ओटीवर दिवा दिसला नाही. आम्ही त्या वेळी नऊ वर्षांचे होतो. पुढे फार वर्षांनी ती उठल्यावरची दुआ वाचली, तेव्हा तो अंगणात का आला होता ते कळले. त्याच्या लेखी रोजची सकाळ ही गृहीत धरण्याची वस्तूच नव्हती.

खोलीचा निर्णय देण्याआधी आणखी दोन आठवणी सांगावयाच्या आहेत. इब्न अब्बास पुढे कुराणाचे मोठे भाष्यकार झाले. लहानपणी ते एकदा मावशीकडे राहावयास गेले होते. मावशी मैमूना पैगंबरांच्या पत्नी. उशी एकच, तिच्या लांबीत ती दोघे निजली आणि हा मुलगा आडवा. मध्यरात्रीच्या सुमारास पैगंबर उठले, हाताने तोंडावरची झोप पुसली, कुराणाच्या तिसऱ्या अध्यायाची शेवटची दहा वचने म्हटली, टांगलेल्या पखालीतून पाणी घेऊन वजू केली आणि उभे राहिले. मुलगाही उठला, सारे तसेच केले आणि शेजारी जाऊन उभा राहिला. त्याला कोणी उठविले नव्हते. पैगंबरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, प्रेमाने कान पिळला आणि बाजू चुकली होती म्हणून डावीकडून उजवीकडे घेतले. दुसरी आठवण मिकदाद नावाच्या सोबत्याची. आपण मंडळी निजलेली असताना पैगंबर रात्री घरात येत तेव्हा सलाम अशा आवाजात करीत, की जागा असेल त्याला ऐकू यावा आणि निजला असेल त्याची झोप मोडू नये.

म्हणून भगिनींस आमचे सांगणे असे, की खोली बदलू नये. चिरंजिवांनी त्या मुलास झोपेविषयी मोकळेपणाने सांगावे. मिकदाद यांची आठवण त्याला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असण्याचा संभव आहे. चटई दाराजवळ सरकविली आणि दिव्याला आडोसा केला, की अर्धा प्रश्न मिटेल. उरलेला अर्धा चिरंजिवांचा स्वतःचा आहे. जाग तर आलीच आहे. ती कूस बदलून घालवावयाची की नाही, हे त्यांनी मामंजींशी बोलून ठरवावे, आणि त्यासाठी मामंजींनी आता बोलावे.

पत्राच्या शेवटी, पुढच्या खेपेस बेसनाचे लाडू त्या मुलासाठीही पाठविले तर चालतील का, असे विचारले आहे. अवश्य पाठवावेत. रमजानचे दिवस असतील तर मात्र आधी कळवावे, कारण मग तो खरी पहाट होण्यापूर्वीच जेवून घेईल, आणि त्या वेळी डब्याचे झाकण वाजल्याची तक्रार चिरंजिवांस करता येणार नाही.