बोट स्वस्त, दिवस महाग

अंदमानच्या सहलीचा हिशेब मांडायला बसलेल्या घरात कुणीतरी हमखास म्हणतेच, "विमानाला एवढे पैसे घालण्यापेक्षा बोटीनेच गेलो तर?" कल्पना मोह पाडणारी आहे. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम या बंदरांतून पोर्ट ब्लेअरला प्रवासी जहाजे जात आली आहेत. (सप्टेंबर २०२४ पासून या शहराचे नाव श्रीविजयपुरम, पण सहलीला निघणाऱ्यांच्या तोंडी अजून पोर्ट ब्लेअरच बसले आहे.) बंक, म्हणजे एकावर एक झोपायच्या फळ्या असलेला सामायिक वर्ग, हा सर्वांत स्वस्त. जेवणाचे पैसे वेगळे. डिलक्स केबिन घेतली तर भाडे स्वस्तातल्या विमान तिकिटाच्या जवळ जाऊन पोहोचते आणि मग बोटीचा हट्ट केवळ हौसेचा उरतो.

चेन्नईहून अंतर सुमारे १,२०० किलोमीटर, प्रवास साधारण साठ तासांचा. भागाकार करून पाहा : ताशी वीस किलोमीटर. दमदार सायकलवाला एवढ्या वेगाने जातो. विमान हेच अंतर सव्वादोन तासांच्या आसपास कापते. मुंबईहून चेन्नईला रेल्वेने जवळपास एक दिवस. म्हणजे जाऊन-येऊन सात-आठ दिवस निव्वळ प्रवासात गेले. फेऱ्या महिन्यातून मोजक्याच. हवामान फिरले की ठरलेली तारीखही पुढे सरकते. बिनपगारी रजा घ्यावी लागली तर वाचलेल्या भाड्यातले काय उरेल, हे ज्याचे त्याने काढावे.

शाळांच्या सुट्ट्या तर या बोटीच्या मुळावरच आलेल्या आहेत. आपल्याकडे घराबाहेर पडायचे ते मे महिन्यात किंवा दिवाळीत. मोसमी पाऊस देशात सर्वांत आधी टेकतो तो अंदमान-निकोबारला, मेच्या उत्तरार्धात. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचे दिवस. समुद्र शांत असतो तो जानेवारी ते एप्रिल, आणि तेव्हा मुलांच्या परीक्षा! त्यामुळे मुख्य भूमीवरून बोटीने जाणे हे निवृत्तांना, विद्यार्थ्यांना, दोन नोकऱ्यांच्या मधल्या मोकळ्या माणसाला शोभते. ज्यांच्याकडे परतीची तारीख आहे त्यांनी विमानाने जावे आणि त्यात कमीपणा मानू नये. १९११ साली सावरकरांना मद्रासहून 'महाराजा' जहाजाने नेले, तो मार्ग आपणही अनुभवावा असे काहींना वाटते. वाटणे समजू शकते. पण त्यासाठी मुलांना दोन दिवस बोट लागून ओकायला लावण्याचे कारण नाही.

बेटांवर पोहोचल्यावर मात्र माझे मत नेमके उलटे आहे. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला, म्हणजे २०१८ पासूनच्या स्वराज द्वीपला, सरकारी बोट दोन-अडीच तासांत जाते. खाजगी वेगवान बोट दीड तासात. वाचतो तो एक तास, आणि त्यासाठी भाडे कितीतरी जास्त. वेगवान बोटीत बहुधा बंद काचा, वातानुकूलन आणि नेमून दिलेली खुर्ची असते. सरकारी बोटीत डेकवर उभे राहता येते, उडणारे मासे दिसतात, शेजारी भाजीच्या पाट्या असतात आणि त्या पाटीवाल्याशी बोलता येते. सहल म्हणतात ती याला.

पण ही बोट आपल्यासाठी नाही, एवढे भान हवे. ती बेटवासीयांची एसटी आहे. पोर्ट ब्लेअरच्या रुग्णालयात निघालेला पेशंट, कॉलेजचा मुलगा, कचेरीत दाखला आणायला चाललेली बाई, सगळे तिच्यावरच अवलंबून. बेटवासीयांना सवलतीचे भाडे आहे आणि ते योग्यच आहे. पर्यटकाने पैसे वाचवायला त्यातली जागा अडवली, तर त्याची स्वस्ताई दुसऱ्याच्या खर्चाने झाली. माझ्या मते आधी बेटवासीयांची तिकिटे पूर्ण व्हावीत, उरलेल्या जागा पर्यटकांना मिळाव्यात, आणि त्यांच्याकडून सवलत न देता पूर्ण खर्च वसूल व्हावा.

उलट बाजूही आहे. पैसेवाले आणि अधिकारी सगळेच वेगवान बोटीने जाऊ लागले, की संथ बोटीच्या बिघडलेल्या इंजिनाची हाक कोण ऐकणार? कोकणात हे पाहून झाले आहे. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी गोव्याची बोट ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गेली. नव्वदच्या दशकात महागडी कॅटामरान आली, तीही टिकली नाही. पण कोकणाला एसटी होती, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. हट बेला एसटी कोण पाठवणार? लिटल अंदमानवरचे हे बंदर पोर्ट ब्लेअरपासून सव्वाशेएक किलोमीटरवर आहे, आणि सामान्य माणसाला तिथे न्यायला बोटच हवी.

उत्तरेकडे जायला रस्ता आहे, पण तो जारवांच्या राखीव क्षेत्रातून जातो. तिथला भाग बंद करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. तरी पोलिस बंदोबस्तात वाहनांचे तांडे जातच राहिले आणि जारवांकडे बोटे दाखवणारे पर्यटकही. रंगत, मायाबंदर, डिगलीपूरकडे संथ, स्वस्त आणि भरवशाच्या पुरेशा बोटी असत्या, तर या रस्त्याची गरज पुष्कळ कमी झाली असती. या बोटींवर होणाऱ्या तोट्याला उधळपट्टी म्हणणाऱ्यांनी त्या रस्त्याची किंमतही मोजावी.

स्वस्त म्हणजे कोंबून भरलेली, असे मात्र होता कामा नये. २६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ क्षमतेपेक्षा जास्त माणसे घेतलेली पर्यटकांची बोट बुडून २१ जण गेले. जागा नाही म्हणणाऱ्या खलाशाशी हुज्जत घालणाऱ्यांनी तो दिवस आठवावा.

आणि हॅवलॉकचा मुक्काम संपवून थेट त्याच दिवशीचे परतीचे विमान गाठायचा बेत आखू नये. शेवटचे दोन दिवस पोर्ट ब्लेअरलाच काढावेत. सेल्युलर जेल, रॉस बेट, मुलांसाठी संग्रहालये, तेवढ्याला दोन दिवस लागतातच. डिसेंबर २०१६ मध्ये खवळलेल्या समुद्रामुळे हॅवलॉक आणि नील बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते. वेगवान काय नि संथ काय, बोटी बंद होत्या. शेवटी नौदलाची जहाजे त्यांना घेऊन आली.