गाडीला सोंग कशाला?

माझी थोरली बहीण बालाघाटला दिली. गोव्याची मुलगी मध्य प्रदेशात कशी गेली, असं अजूनही लोक विचारतात. भावोजी तरुणपणी आपल्याकडे सांग्याच्या बाजूला खाणीवर नोकरीला होते, तेव्हा स्थळ जमलं. पुढे ते भरवेलीच्या मँगनीज खाणीत गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. बालाघाट म्हणजे गोंदियाच्या पलीकडचा जिल्हा. घरात मराठी किंवा पोवारी, रस्त्यावर हिंदी. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. तिथल्या मराठी माणसाला कुणी विचारलंही नसेल. आपल्याला निदान 1967 साली मत तरी विचारलं. असो, तो विषय वेगळा.

गेल्या मे महिन्यात घरच्या एका लग्नासाठी तिथे गेलो होतो. गोंदिया स्टेशनवर भाचा गाडी घेऊन आला. गाडीकडे बघितलं आणि क्षणभर ओळखच पटेना. दोन वर्षांपूर्वी त्याने ही जुनी गाडी घेतली तेव्हा ती पांढरी होती. गोंदियाहून पर्यटकांना कान्हाच्या मुक्की गेटपर्यंत नेणं-आणणं हा त्याचा धंदा. आता समोर उभी होती एक काळी, बिनचमकीची, पाटीवर घासलेल्या कोळशासारखी वस्तू. तिच्या मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत चिकटवलं होतं : 'आजोल'.

"मामा, मॅट ब्लॅक आहे! पूर्ण रॅप केली. आणि नाव बघा, तुमच्यासाठीच आहे."

तुमच्यासाठी म्हणजे आजोळ. त्याचं आजोळ गोव्यात, माझ्या घरात. गाडी घेताना मी त्याला वीस हजार रुपये दिले होते, त्याची ही परतफेड. दुकानातल्या पोराला कीबोर्डवर 'ळ' सापडला नाही. हिंदीत लागतच नाही, तर तो शोधणार कुठे? भाच्याने म्हणे सांगून पाहिलं. "चलेगा ना भैया," असं उत्तर मिळालं आणि चाललं. मी काही बोललो नाही. घरी पोचेपर्यंत मात्र 'ळ'पेक्षा मोठी दुखणी दिसू लागली होती.

बॉनेटच्या कडा उलटल्या होत्या. दाराच्या मुठीभोवती फिल्म आक्रसून खालचा पांढरा रंग दोरीसारखा डोकावत होता. छतावर फोड आले होते. दिवाळीत लावलेली फिल्म, मे महिन्यात ही दशा! दुकानदाराने पाच वर्षांचा शब्द दिला होता. शब्दच, कागद नाही. सत्तर हजार रुपये, त्यातले निम्मे उधार.

आता मी कोण? सरकारी कारकून. बीएला मराठी घेतलेला माणूस, रसायनशास्त्र आपला प्रांत नव्हे. पण या प्रकाराने इतका चिडलो की परत आल्यावर म्हापशापासून मडगावपर्यंत हे काम करणाऱ्या चार दुकानांत जाऊन बसलो, विचारत राहिलो. जे कळलं ते सांगतो, कारण आपल्याकडेही हे वेड आता गावोगाव पोचलं आहे.

मुळात 'फिल्म' या एका शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक रंग बदलणारी व्हिनाइलची, म्हणजे पीव्हीसी. दुसरी पारदर्शक, पॉलियुरेथेनची, जिला दुकानात पीपीएफ म्हणतात. दुसरी साधारण दीडशे ते दोनशे मायक्रॉन जाड असते, खडीचा मार झेलते, आणि चांगल्या प्रतीची असेल तर बारीक ओरखडे उन्हाच्या उबेने आपोआप भरून येतात. व्हिनाइल तिच्या निम्मीही जाड नसते. ते रंग दाखवतं. मार झेलणं हे त्याचं कामच नाही. त्या व्हिनाइलमध्येही पुन्हा दोन जाती. एक पातळ ओतून सुकवलेलं, त्याला कास्ट म्हणतात. हे गाडीच्या वळणांवर निमूट बसतं आणि बसलं की बसलं. दुसरं पोळीसारखं रुळांमधून लाटून काढलेलं, कॅलेंडर्ड. लाटताना ते ताणलं गेलेलं असतं, आणि ऊन लागलं की त्याला आपलं मूळ माप आठवतं. मग ते आक्रसतं, कडा सोडतं. सपाट पाटीला, दुकानाच्या बोर्डाला ते चालतं. गाडीच्या गोलाईवर नाही. बालाघाटच्या मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, खालून इंजिनाची धग, आणि वर काळा रंग! भाच्याला कास्टचा भाव लावून कॅलेंडर्ड चिकटवलं होतं, हे मला चौथ्या दुकानात कळलं. तिथल्या माणसाने फोटो बघून नुसती मान हलवली.

तर वाचकहो, दुकानात जाल तेव्हा रंगांचं पुस्तक उघडण्याआधी रोलचं खोकं दाखवायला सांगा. बिलावर फिल्मचं नाव आणि जात लिहून घ्या. कापताना ब्लेड थेट गाडीच्या रंगावर चालवणार का, हेही विचारा, कारण ती रेघ फिल्म काढल्यावरच दिसते आणि तेव्हा तिचा बाप कोणी नसतो. गाडीला पूर्वी कुठे रंगकाम झालं असेल तर तिथे फिल्म लावूच नका. कंपनीचा रंग भट्टीत भाजलेला असतो, तो सहसा तग धरतो. गॅरेजातला रंग फिल्मच्या डिंकाबरोबर उठून येतो.

इथवर झाली कारागिरीची गोष्ट. माझं भांडण कारागिरीशी नाही. समजा भाच्याला उत्तम कास्ट मिळालं असतं, सात वर्षं टिकलं असतं, तरी मी हेच म्हटलं असतं : गाडीचा रंग बदलायचा कशासाठी?

"माझी गाडी, माझा पैसा," हे उत्तर मला ठाऊक आहे. भाच्यानेही तेच दिलं, जरा नम्रपणे. गाडी त्याची आहे, मान्य. पण तिचा रंग त्याच्या एकट्याचा नाही. आरसीवर रंगाचा रकाना असतो. रकाने भरण्यात ज्याची वीस वर्षं गेली त्याला विचारा, कुठलाही रकाना उगाच नसतो. रस्त्याच्या कडेला शाळेतून येणाऱ्या पोराला गाडीने उडवलं आणि गाडी पळाली, तर बघणाऱ्या म्हातारीला नंबर वाचता येत नाही. ती सांगते, "काळी गाडी होती." ती खरंच सांगते. आणि सरकारी नोंदीत ती गाडी पांढरी असते! म्हणजे त्या म्हातारीची साक्ष आपण आधीच खोटी पाडून ठेवली. रंग बदललाच तर आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करून घ्यायची असते. मोटार वाहन कायद्यातलं 52 वं कलम गाडीतल्या बदलांबद्दलच आहे. रॅप करणाऱ्या दहांपैकी किती जण जातात? भाचा गेला नव्हता. दुकानदाराने सांगितलं होतं, "स्टिकर है, पेंट थोडी है." वा रे वा! म्हातारीला तो फरक लांबून दिसणार असेल.

दुसरं उत्तर मिळतं ते हिशेबी : रॅपखाली मूळ रंग शाबूत राहतो, विकताना चार पैसे जास्त येतात. कधी येतातही. पण त्या चार पैशांसाठी सत्तर हजार घालायचे आणि आपल्याच गाडीचा रंग सात वर्षं आपण बघायचा नाही, पुढच्या मालकासाठी राखून ठेवायचा, हा कुठला व्यवहार? लग्नातली पैठणी नेसायला भिणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. निदान त्या पैठणीवरून प्लॅस्टिक नेसून फिरत नव्हत्या.

आणि गोव्यात शाबूत राहणार तरी काय? आपल्या गाड्यांना खातो तो गंज, आणि तो येतो खालून, दाराच्या तळातून, खाऱ्या हवेतून आणि चार महिन्यांच्या पावसातून. फिल्मच्या सुटलेल्या कडेत पाणी शिरलं तर ते तिथेच मुक्काम करतं आणि वरून काही दिसत नाही. माडावरून नारळ पडला तर दोनशे मायक्रॉन काय करणार, ते देवालाच ठाऊक.

आता काचांकडे येतो, कारण एकदा गाडीला झाकायची चटक लागली की माणूस पत्र्यावर थांबत नाही. भाच्याच्या गाडीच्या बाजूच्या काचाही काळ्या होत्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 100 वा नियम सांगतो, पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 रोजी काचांवर फिल्म लावणंच बंद केलं. सूट ठेवली ती झेड आणि झेड प्लस सुरक्षेतल्यांपुरती. आपल्याकडे गावच्या पंचालाही झेड प्लस मिळालेली असावी, त्याच्या गाडीकडे बघून तसंच वाटतं! त्याच वर्षी 16 डिसेंबरला दिल्लीत एका मुलीवर जो अत्याचार झाला, तो काळ्या काचा आणि पडदे असलेल्या बसमध्ये, चालत्या रस्त्यावर. निकालाला आठ महिनेही झाले नव्हते. पुढे नियम बदलला आणि केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये म्हटलं की प्रकाशाची मर्यादा पाळणारी, प्रमाणित फिल्म चालते. ठीक आहे, ऊन आम्हालाही लागतं. पण 50 टक्के म्हणजे आतला माणूस दिसला पाहिजे. दुकानात जी 'डार्क' म्हणून मागतात त्यातून आतला माणूस सोडा, आतला दिवाही दिसत नाही.

आपल्या दशावतारी नटाला सोंगाची लाज नसते. रात्रभर तो राजा असतो, राक्षस असतो. पण पहाटे विहिरीवर तोंड धुतो, चहा पितो आणि आपल्या नावाने हाक मारली की ओ देतो. सोंग मांडवात असतं आणि प्रेक्षकाला ते सोंग आहे हे माहीत असतं. रस्ता हा मांडव नव्हे.

मग फिल्म लावूच नये का? लावा की! भाच्याच्या रस्त्यावर खनिजाचे ट्रक असतात. मलाजखंडच्या तांब्याचे, भरवेलीच्या मँगनीजचे. पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेला खडा बॉनेटवर टवका पाडतो. आपल्याकडे उसगाव, धारबांदोड्याच्या लोकांना खनिजाच्या ट्रकामागे गाडी चालवणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. तिथे पुढच्या भागावर पारदर्शक फिल्म लावण्यात शहाणपण आहे. बॉनेट, बंपर, आरशांच्या पाठी. खडा जिथे लागतो तिथेच. बाकीच्या गाडीला साबण आणि सावली पुरते.

माझाही गुन्हा इथे नोंदवून ठेवतो. वीस हजार देताना मी विचारलं नव्हतं, कशाला. मामाने पैसे दिले आणि मोठेपणा घेऊन गोव्याला परत गेला. भाच्याचं कर्ज अजून फिटायचं होतं, हे मला बहिणीने या लग्नात, स्वयंपाकघरात, आवाज खाली घेऊन सांगितलं.

जूनमध्ये पाऊस सुरू व्हायच्या आत त्याने फिल्म काढून घेतली. मागच्या बंपरचा रंग तिच्याबरोबर आला. म्हणजे आधीच्या मालकाने तिथे काहीतरी झाकलं होतं, आणि विकताना सांगितलं नव्हतं. तेवढा भाग रंगवून घ्यावा लागला. काचा मोकळ्या केल्या. या वेळी फक्त बॉनेटला आणि पुढच्या बंपरला पारदर्शक फिल्म, कागदावर लिहून घेऊन.

मागच्या काचेवरचं 'आजोल'ही खरवडलं. आता नाव डिकीच्या पत्र्यावर आहे, काचेवर नाही. बाजारात एक म्हातारा पेंटर अजून ब्रशने ट्रकांची नावं लिहितो, त्याच्याकडे भाचा गेला. मी कागदावर 'ळ' मोठा काढून फोटो पाठवला होता. पेंटरने तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "ये आठ लेटा हुआ है क्या?" भाचा म्हणाला, हो, तसंच समजा. दोनशे रुपये घेतले आणि सुंदर काढला.