डी जागेवर आहे, पण उघडतो का?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुनं काढून विंडोज ११ टाकण्याची कामं आपल्या टेबलावर येऊ लागली. गिऱ्हाईक मशीन ठेवताना हमखास सांगतं, ‘फक्त सी फॉरमॅट करा, डीमध्ये सगळं आहे.’ आपणही मान डोलावतो. विंडोज ७ च्या काळात हा शब्द पाळणं सोपं होतं. आता तो देण्याआधी तपासावं लागतं, आणि ती तपासणी आपल्यातले बरेच जण अजून करत नाहीत.

बिटलॉकर घ्या. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलं, की बहुतेक मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. मालकाला पत्ताही नसतो. सीबरोबर आतले बाकीचे ड्राइव्हही कुलूपबंद होतात. रोजच्या वापरात हे जाणवत नाही, कारण डीची किल्ली सीवरच्या विंडोजकडे असते आणि ते परस्पर डी उघडून देतं. सी पुसला की किल्लीही गेली. डीवरचा एक बाइट हललेला नसतो, तरी डबल क्लिक केल्यावर तो ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. मात्र ते खातं मशीन विकणाऱ्याने घाईत स्वतःच्या ईमेलवर उघडून दिलेलं असलं, की शोधाशोध सुरू. म्हणून जुनं विंडोज चालू आहे तोवरच बिटलॉकरची स्थिती पाहा. चालू असेल तर की कागदावर उतरवा, नाहीतर सरळ डिक्रिप्ट करा. मोठ्या हार्ड डिस्कला काही तास लागतील. लागू द्या.

जुन्या डेस्कटॉपची अडचण निराळी. एकाच डिस्कवर सी आणि डी, पार्टिशन टेबल एमबीआर. पेनड्राइव्ह यूईएफआयमधून बूट केला की सेटअप ‘या डिस्कवर विंडोज टाकता येणार नाही’ म्हणून अडून बसतं. मग सवयीचे हात शिफ्ट-एफ१० दाबतात आणि डिस्कपार्टमध्ये ‘क्लीन’ मारतात. क्लीनला पार्टिशन कळत नाही, अख्खी डिस्क कळते. डी तिथेच गेला. वास्तविक डेटा न पुसता टेबल बदलणारं एमबीआर२जीपीटी २०१७ पासून विंडोज १० मध्येच आहे. आधी त्याचं ‘व्हॅलिडेट’ चालवा. प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त असतील किंवा डी एक्स्टेंडेडमध्ये असेल, तर ते नकार देतं. तेव्हा डी बाहेर कॉपी करण्याला पर्याय नाही.

दोन डिस्क असतील तर सेटअपच्या यादीत सी-डी ही अक्षरं दिसत नाहीत, दिसतात ते डिस्कचे क्रमांक. इंटेलच्या अकराव्या पिढीनंतरच्या अनेक लॅपटॉपवर व्हीएमडी चालू असल्यामुळे ड्रायव्हर लोड केल्याशिवाय एसएसडी यादीत येतच नाही. एकटी डेटाची हार्ड डिस्क समोर दिसते आणि हात तिच्यावरच चालतो. डेटाच्या डिस्कची केबल काढून ठेवणं हाच यावर सर्वांत स्वस्त विमा. शिवाय बूटलोडर चुकून दुसऱ्या डिस्कवर जाऊन बसण्याचा घोळही टळतो.

‘सगळं डीमध्ये आहे’ यावर मात्र कधीच विसंबू नका. डेस्कटॉपवरच्या फायली, आउटलुकची पीएसटी आणि पब्लिक फोल्डरमधला टॅलीचा डेटा सीवरच असतो. एसएसडी फॉरमॅट झाली की ट्रिममुळे रिकव्हरी सॉफ्टवेअरच्या हाती बहुधा काही लागत नाही.

या तपासणीचे वेगळे पैसे मागायला संकोच कशाला? फॉरमॅटचा दर पाडून गिऱ्हाईक ओढणारे दुकान शेजारी असले, तरी आपल्या जॉब शीटवर दोन रकाने वाढवून घ्या: बॅकअप कोणी घेतला आणि रिकव्हरी की मिळाली का. दोन्ही भरून गिऱ्हाईकाची सही झाल्यावरच पेनड्राइव्ह लावा.