पायथनचा जीआयएल गेला, पण इम्पोर्टचं कुलूप?

इन्स्टाग्रामचा सर्व्हर पायथनवर चालतो, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या पायथन ३.१४ मध्ये 'फ्री-थ्रेडेड' बिल्डला अधिकृत मान्यता मिळाली. एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारा जीआयएल या बिल्डमध्ये बंद असतो. चर्चा सगळी वेगाची चाललीय. मी मात्र इम्पोर्टच्या कुलपाची टेस्ट उघडून बसलो.

कुलूप कशाला? दोन थ्रेडनी एकच मॉड्यूल एकदम लोड करू नये म्हणून. २०१२ च्या पायथन ३.३ पर्यंत सगळ्या मॉड्यूल्सना मिळून एकच कुलूप होतं. मग प्रत्येक मॉड्यूलला स्वतःचं मिळालं आणि नवी भानगड आली. एका थ्रेडकडे 'अ' आहे, त्याला 'ब' हवंय. दुसऱ्याकडे 'ब' आहे, त्याला 'अ' हवंय. दोघंही कायमचे अडकले. यालाच डेडलॉक म्हणतात. एरर नाही, क्रॅश नाही, ॲप नुसतं फिरत राहतं.

असा बग हजारातून एकदा दिसतो. म्हणून टेस्ट तो मुद्दाम घडवते. दहा कुलपं, दहा थ्रेड, गोल करून उभे. प्रत्येकानं एक कुलूप घ्यायचं, सगळ्यांचं घेऊन होईपर्यंत थांबायचं आणि मग शेजाऱ्याचं मागायचं. पायथननं निदान एका थ्रेडला तरी नकार द्यायचा. उरलेल्यांचं काम झालंच पाहिजे. पुढे हीच टेस्ट नऊ थ्रेड घेऊन चालते. तिथे गोल पूर्ण होत नाही, त्यामुळे एकालाही नकार मिळता कामा नये. मला ही दुसरी बाजू जास्त आवडली, कारण उगाच घाबरणारं कुलूपही बिनकामाचंच!

खऱ्या इम्पोर्टमध्ये नकार मिळालेला थ्रेड अर्धवट लोड झालेलं मॉड्यूल घेऊन पुढे जातो. कायमचं लटकण्यापेक्षा बरं, पण त्यातलं एखादं फंक्शन अजून तयार नसेल तर एरर येणारच.

थ्रेडची अदलाबदल नेहमी ५ मिलीसेकंदांनी होते. टेस्ट ती १ मायक्रोसेकंदावर आणते. जीआयएल बंद असेल तर या युक्तीला अर्थच उरत नाही, थ्रेड खरोखरच एकदम धावतात.

गंमत म्हणजे, फ्री-थ्रेडिंगला तयार असल्याचं न सांगणारं सी एक्स्टेंशन इम्पोर्ट केलं, की जीआयएल पुन्हा चालू होतो. त्यामुळे नवी बिल्ड टाकलीत तर आधी `sys._is_gil_enabled()` तपासा, वेग नंतर मोजा.