दोन लेखांपायी सबंध कोशास कुलूप

आंतरजालावरील लेखनास सरकारने कधीच आडकाठी करू नये, असे आम्ही म्हणत नाही. परंतु तुर्कस्तानात एप्रिल २०१७ मध्ये काय घडले ते पाहावे. सीरियातील जिहादी टोळ्यांशी त्या सरकारचा संबंध जोडणारे इंग्रजी विकिपीडियातील दोन लेख त्यास खटकले. हल्ली हे दळणवळण सांकेतिक लिपीतून चालते. मधल्या कंपनीस संकेतस्थळाचे नाव तेवढे दिसते, वाचकाने उघडलेले पान दिसत नाही. सबब दोन लेखांबरोबर गणित, वैद्यक, व्याकरण, सारेच बंद झाले, तेही सर्व भाषांतले! (एका कादंबरीपायी सबंध कपाटास कुलूप लावणारे वडीलधारे आम्हांस येथे आठवतात.) शाळकरी मुलांचा यात अपराध कोणता? घटना-न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये ही बंदी घटनाविरुद्ध ठरविली. कोश प्रत्यक्ष उघडला तो १५ जानेवारी २०२० रोजी.